ओपनब्लास स्वतः बिल्ड करून त्याचे डेबियन पॅकेज कसे तयार करावे

आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत बारा संगणक आहेत. त्यांपैकी सहा नवे आहेत आणि उरलेल्या सहांचे प्रोसेसर त्यांच्या आधीच्या पिढीचे आहेत. काही वर्षांपूर्वी मी नव्या संगणकावर ओपनब्लास ही मॅट्रिक्सची गणिते वेगाने करणारी लायब्ररी बिल्ड केली, चाचण्या नीट पार पडल्याची खात्री केली आणि तयार झालेल्या फाइल्स बाराही संगणकांवर नेऊन ठेवल्या. नव्या सहांवर सगळे सुरळीत चालले. जुन्या सहांवर मात्र विद्यार्थ्याने मॅट्रिक्सचा पहिला गुणाकार करताच पायथन बंद पडे आणि पडद्यावर ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोनच शब्द उरत. कोड बरोबर होता आणि कंपायलरचेही काही चुकले नव्हते. लायब्ररी कोणत्या प्रोसेसरसाठी तयार होत आहे हे मी बांधणीपूर्वी (बिल्ड करण्यापूर्वी) ठरवले नव्हते, म्हणून बिल्ड यंत्रणेने समोर दिसलेला प्रोसेसर पाहून ते परस्पर ठरवले होते.

संख्यात्मक गणनेची लायब्ररी आणि इतर सॉफ्टवेअर यांतला फरक इथेच आहे. मजकूर संपादकाच्या बांधणीत कोणत्या संगणकावर ती केली याला फारसे महत्त्व नसते. ओपनब्लासमध्ये मात्र प्रोसेसरची पिढी, थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची) कमाल संख्या आणि पूर्णांकाची रुंदी या तीन गोष्टी बांधणीच्या वेळीच फाइलमध्ये कोरल्या जातात आणि नंतर बदलता येत नाहीत. त्यामुळे या लेखातला निम्म्याहून अधिक भाग पहिली आज्ञा देण्यापूर्वीच्या निर्णयांचा आहे.

एक सूचना आधीच करतो. लेखात आज्ञांची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत द्यायची असतात. ओपनब्लासच्या पर्यायांची नावे सगळी मोठ्या अक्षरांत असून बहुतेकांतील शब्द अधोरेखेने जोडलेले असतात, आणि नावापुढे बरोबरचे चिन्ह व किंमत मध्ये जागा न सोडता लिहावी लागते. सोर्स कोडमधील ‘मेकफाइल डॉट रूल’ या फाइलमध्ये ही सर्व नावे स्पष्टीकरणासह दिलेली आहेत. ती फाइल एकदा सावकाश वाचावी, असे मी आवर्जून सांगेन.

ओपनब्लास म्हणजे नेमके काय

ब्लास हा सदिश आणि मॅट्रिक्स यांवरील मूलभूत क्रियांचा ठरलेला संच आहे. त्याची पहिली पातळी १९७९ साली प्रसिद्ध झाली. तीत सदिशांवरील क्रिया होत्या. दुसऱ्या पातळीत मॅट्रिक्स व सदिश यांच्या क्रिया आल्या आणि १९९० सालच्या तिसऱ्या पातळीत दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारासारख्या क्रिया आल्या. समीकरणे सोडवणे, आयगेन मूल्ये काढणे अशी वरच्या थरातली कामे करणारी लापॅक ही लायब्ररी १९९२ साली आली आणि ती आपली बहुतेक मेहनत ब्लासवर सोपवते. ब्लासचा एक संदर्भ कोडही उपलब्ध आहे. त्याची उत्तरे बरोबर येतात, पण तो प्रोसेसरच्या कॅशचा विचार करत नाही. काझुशिगे गोतो यांनी टेक्सास विद्यापीठातील संगणन केंद्रात असताना गोतोब्लास लिहिले. मॅट्रिक्सचे तुकडे कॅशमध्ये मावतील असे पुन्हा रचून घ्यायचे आणि गाभ्यातील गुणाकार थेट असेम्ब्लीत लिहायचा, ही त्यामागची पद्धत होती. त्या कामाचा विकास थांबल्यावर त्याच्याच खुल्या आवृत्तीवरून २०११ साली चीनमध्ये झांग शियानयी यांच्या पुढाकाराने ओपनब्लास सुरू झाले. त्याचा परवाना बीएसडी प्रकारचा असल्यामुळे पॅकेज तयार करून इतरांना देण्यास कोणतीही आडकाठी नाही, मात्र परवान्याचा मजकूर पॅकेजसोबत गेलाच पाहिजे.

बांधणीपूर्वीचे निर्णय

पहिला निर्णय प्रोसेसरचा. ‘टार्गेट’ या पर्यायाला हॅसवेल अशी किंमत दिली, तर लायब्ररी २०१३ सालच्या हॅसवेल पिढीतील एव्हीएक्स२ सूचना वापरते. त्या आधीच्या आयव्ही ब्रिज पिढीत या सूचना नाहीत, म्हणून तिथे कार्यक्रम कोसळतो. पर्याय दिलाच नाही, तर बांधणी करणाऱ्या संगणकाचा प्रोसेसर ओळखून तीच किंमत धरली जाते, आणि माझे चुकले ते नेमके इथे. लायब्ररी एकाहून अधिक प्रकारच्या संगणकांवर जाणार असेल, तर ‘डायनॅमिक आर्क’ हा पर्याय १ ठेवावा. मग अनेक पिढ्यांसाठीचे गाभ्याचे (जड गणित करणारे) कोड एकाच फाइलमध्ये भरले जातात आणि कार्यक्रम सुरू होताना प्रोसेसर पाहून त्यांपैकी योग्य तो निवडला जातो. फाइल बरीच मोठी होते आणि बांधणीला कितीतरी पट वेळ लागतो, पण पॅकेजसाठी दुसरा शहाणपणाचा मार्ग मला दिसत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. डायनॅमिक आर्क सुरू असतानाही गाभ्याबाहेरचा सामाईक कोड कोणत्या तरी एका पिढीसाठीच तयार होतो आणि ती पिढी ‘टार्गेट’वरूनच ठरते. म्हणून दोन्ही पर्याय एकत्र द्यावेत आणि टार्गेटमध्ये सर्वांत जुन्या प्रोसेसरचे नाव ठेवावे. चौसष्ट बिटच्या इंटेल व एएमडी संगणकांसाठी मी ‘प्रेस्कॉट’ ही २००४ सालची पिढी ठेवतो. सामाईक कोडमध्ये जड गणित नसल्यामुळे त्याने वेग कमी होत नाही.

दुसरा निर्णय थ्रेडच्या संख्येचा. ‘नम थ्रेड्स’ हा पर्याय दिला नाही, तर बांधणीच्या संगणकात प्रोसेसरचे जितके गाभे (कोअर) दिसतील तितकीच कमाल मर्यादा ठरते. चार गाभ्यांच्या लॅपटॉपवर तयार केलेली लायब्ररी बत्तीस गाभ्यांच्या सर्व्हरवर नेली, तर ती चारच थ्रेड वापरते आणि कुठेही त्रुटी दाखवत नाही. ही चूक कोसळण्यापेक्षा वाईट आहे, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही. पॅकेजसाठी ही किंमत ६४ ठेवणे बहुतेक ठिकाणी पुरेसे होते. उगाच हजारांत नेऊ नये, कारण या संख्येच्या प्रमाणात लायब्ररी स्मृती राखून ठेवते.

त्याच्याच जोडीला थ्रेड कोणत्या पद्धतीने चालवायचे हा प्रश्न येतो. ‘यूज ओपनएमपी’ शून्य ठेवले, तर ओपनब्लास स्वतःचे पीथ्रेड (प्रणालीचे साधे थ्रेड) चालवते, आणि १ ठेवले, तर ते काम ओपनएमपी या थ्रेड चालवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेकडे जाते. तुमचा सी किंवा फोरट्रानमधील कार्यक्रम स्वतः ओपनएमपी वापरत असेल, तर लायब्ररीही ओपनएमपीचीच हवी, नाहीतर दोन यंत्रणा एकमेकींच्या थ्रेडवर थ्रेड उभे करतात. पायथनमध्ये मल्टिप्रोसेसिंग करणाऱ्यांची अडचण उलटी असते. जीएनयूच्या ओपनएमपी यंत्रणेने थ्रेड सुरू केल्यानंतर प्रक्रिया फोर्क केली (तिची प्रत काढून नवी सुरू केली), तर नवी प्रक्रिया अडकून पडू शकते. आमच्याकडे वापर मुख्यतः पायथनचा असल्यामुळे आम्ही पीथ्रेडची बाजू घेतली.

तिसरा निर्णय पूर्णांकाच्या रुंदीचा. साध्या बांधणीत आकार दर्शवणारे पूर्णांक बत्तीस बिटचे असतात आणि त्यांची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७ आहे. एवढी मोठी मॅट्रिक्स आपण कशाला घेऊ, असे वाटणे साहजिक आहे, पण मर्यादा अनपेक्षित ठिकाणी आडवी येते. लापॅकमधील एसव्हीडीच्या (मॅट्रिक्सचे सिंग्युलर मूल्यांत विघटन करणाऱ्या) ‘डीजीईएसडीडी’ या रुटीनला, सिंग्युलर सदिशांसह उत्तर हवे असल्यास, न गुणिले न आकाराच्या मॅट्रिक्ससाठी किमान चार न-वर्ग अधिक सात न इतकी कामाची जागा लागते आणि तिचा आकार याच पूर्णांकात सांगावा लागतो. न २३,१७० झाला की ही बेरीज मर्यादेपलीकडे जाते. त्या आकाराची मॅट्रिक्स दुहेरी अचूकतेत सुमारे ४.३ अब्ज बाइट घेते. चौसष्ट जीबी स्मृतीच्या संगणकावर हे काही मोठे काम नाही. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी ‘इंटरफेस६४’ हा पर्याय १ ठेवावा, आणि त्यासोबत ‘सिम्बॉलसफिक्स’ देऊन (या दोन्ही नावांत अधोरेखा नाही) प्रत्येक फंक्शनच्या नावाला ६४ दर्शवणारे शेपूट जोडावे. शेपूट नसेल, तर बत्तीस बिटचे पूर्णांक पाठवणारा कार्यक्रम चौसष्ट बिटच्या लायब्ररीला विनातक्रार जोडला जातो आणि मग काहीच्या बाही उत्तरे देतो. बाकी सर्वांनी बत्तीस बिटवरच राहावे.

बांधणीची जागा

उबुंटू २२.०४ मध्ये ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीची आवृत्ती २.३५ आहे, डेबियन १२ मध्ये २.३६ आणि डेबियन ११ मध्ये २.३१. नव्या ग्लिबसीवर बांधलेली फाइल जुन्या ग्लिबसीवर चालेलच असे नाही. उलट दिशेने मात्र सहसा अडचण येत नाही. म्हणून तुमच्या संगणकांवरील सर्वांत जुने वितरण (लिनक्सची आवृत्ती) कोणते ते शोधावे आणि त्याच वितरणाच्या कंटेनरमध्ये (संगणकातच चालणाऱ्या वेगळ्या, बंदिस्त प्रणालीत) बांधणी करावी. आम्ही डेबियन ११ चा कोरा कंटेनर घेतो, त्यात जीसीसी, जीफोरट्रान, मेक आणि पर्ल एवढेच बसवतो आणि प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करतो. जीफोरट्रान हा फोरट्रानचा कंपायलर विसरू नये. तो सापडला नाही, तर नव्या आवृत्त्या लापॅकचे सीमध्ये रूपांतर केलेले रूप वापरतात आणि जुन्या आवृत्त्या लापॅक सरळ वगळून पुढे जातात.

सोर्स कोड नेहमी प्रकाशित आवृत्तीचा घ्यावा, विकासाच्या चालू शाखेचा घेऊ नये. उतरवलेल्या फाइलचा शा२५६ अंक (फाइल तीच आहे हे पटवणारा ठसा) काढून टिपून ठेवावा. पुढे पॅकेजबद्दल शंका आली की पहिला प्रश्न ‘कोड नेमका कुठला होता’ हाच असतो.

बांधणी आणि चाचणी

आता ‘मेक’ ही आज्ञा डायनॅमिक आर्क १, टार्गेट प्रेस्कॉट, नम थ्रेड्स ६४ आणि यूज ओपनएमपी ० या चार पर्यायांसह द्यावी. मी ही ओळ हाताने लिहीत नाही. एका छोट्या शेल फाइलमध्ये पर्यायांची यादी एका चलात ठेवतो आणि पुढची प्रत्येक आज्ञा तेच चल वापरते. त्याचे कारण थोड्याच वेळात येईल.

बांधणी संपताना पडद्यावर एक छोटा सारांश येतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या ओळीत ‘बिल्ड कम्प्लीट’ या शब्दांपुढे कंसात ब्लास, सीब्लास, लापॅक आणि लापॅकई ही चार नावे हवीत (सीब्लास आणि लापॅकई ही त्यांची सी भाषेसाठीची रूपे). जुन्या आवृत्तीत लापॅक दिसत नसेल, तर फोरट्रान कंपायलर सापडला नाही असे समजावे. खाली लायब्ररीच्या नावाची ओळ असते. त्या नावात ‘हॅसवेल’ किंवा दुसऱ्या एखाद्या पिढीचे नाव दिसले, तर डायनॅमिक आर्क लागू झाले नाही असे समजावे. ‘लिबओपनब्लास’ला लगेच ‘पी’ हे अक्षर आणि मग आवृत्ती असेल, तर ठीक आहे. ‘पी’ हे समांतर थ्रेडचे चिन्ह आहे. त्याच ओळीत कंसात थ्रेडची कमाल संख्या असते, ती ६४ आहे ना हे पाहावे.

मेक संपण्यापूर्वी ब्लासच्या प्राथमिक चाचण्या आपोआप होतात. लापॅकसाठी ‘मेक लापॅक-टेस्ट’ वेगळे चालवावे लागते आणि त्याला पायथन लागतो. शेवटी येणाऱ्या तक्त्यात किती चाचण्या झाल्या, किती ठिकाणी संख्यात्मक फरक आढळला आणि किती ठिकाणी अन्य त्रुटी आली, असे रकाने असतात. संख्यात्मक रकान्यात लाखो चाचण्यांमागे मोजके आकडे आले, तर घाबरण्याचे कारण नाही, कारण गोलाकारीची मर्यादा किंचित ओलांडली गेली तरी ती नोंद होते. अन्य त्रुटींच्या रकान्यात मात्र शून्यच हवे.

नवा प्रोसेसर असलेल्या संगणकावर जुन्या पिढीचा कोडही तपासता येतो. ‘ओपनब्लास कोअरटाइप’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला नेहालेम अशी किंमत देऊन चाचण्या चालवल्या, की त्याच पिढीचा गाभा निवडला जातो. ‘ओपनब्लास व्हर्बोज’ २ ठेवले, तर कोणता गाभा निवडला गेला हे लायब्ररी स्वतः छापते. तरीही एखादा खरा जुना संगणक हाताशी असेल, तर शेवटची चाचणी तिथेच घ्यावी.

प्रीफिक्स आणि डेस्टडर

या टप्प्यावर सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘मेक इन्स्टॉल’ थेट चालवले, तर फाइल्स ऑप्ट फोल्डरातील ओपनब्लास या उपफोल्डरात जातात आणि त्यांची कोणतीही नोंद पॅकेज यंत्रणेकडे राहत नाही. पुढच्या आवृत्तीच्या वेळी जुनी कोणती, नवी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्याला फाइल्स आधी एका तात्पुरत्या फोल्डरात मांडून घ्यायच्या आहेत आणि तिथून पॅकेज बनवायचे आहे.

त्यासाठी बरेच जण ‘प्रीफिक्स’ हा बसवण्याची जागा ठरवणारा पर्यायच तात्पुरत्या फोल्डराकडे वळवतात. फाइल्स तिथे व्यवस्थित पडतात, म्हणून सगळे बरोबर झाले असे वाटते. पण इन्स्टॉलच्या वेळी ‘ओपनब्लास डॉट पीसी’ नावाची एक छोटी मजकूर फाइल तयार होते आणि तीत लायब्ररी कुठे आहे याचा पत्ता प्रीफिक्सवरून लिहिला जातो. पुढे नमपायसारखे पायथनचे गणिती सॉफ्टवेअर ही फाइल वाचून लायब्ररी शोधते आणि त्याला अस्तित्वात नसलेल्या तात्पुरत्या फोल्डराचा पत्ता मिळतो. सीमेकसाठी तयार होणाऱ्या फाइलचेही तसेच होते. म्हणून प्रीफिक्समध्ये लायब्ररीचे अंतिम घर द्यावे आणि ‘डेस्टडर’मध्ये तात्पुरते फोल्डर द्यावे. डेस्टडर फक्त फाइल्स ठेवण्याच्या जागेपुढे जोडले जाते, फाइलच्या आत लिहिल्या जाणाऱ्या पत्त्यात ते उतरत नाही. मांडणी झाल्यावर ही पीसी फाइल उघडून पहिल्या काही ओळी डोळ्यांनी वाचाव्यात.

शेल फाइलमधले चल इथे उपयोगी पडते. मेकला दिलेले सर्व पर्याय मेक इन्स्टॉललाही जसेच्या तसे द्यावे लागतात. ओपनब्लासच्या सूचनांतही हे स्पष्ट सांगितलेले आहे. पर्याय गाळले, तर इन्स्टॉलची पायरी लायब्ररीचे नाव नव्याने ठरवते, त्या नावाची फाइल तिला सापडत नाही आणि काम अर्ध्यावर थांबते.

पॅकेज

तात्पुरत्या फोल्डरात, ऑप्टच्या शेजारी, ‘डेबियन’ नावाचे फोल्डर मोठ्या अक्षरांत तयार करावे आणि त्यात ‘कंट्रोल’ ही मजकूर फाइल लिहावी. तीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर, देखभाल करणाऱ्याचे नाव व पत्ता आणि वर्णन ही माहिती हवी. नावात फक्त लहान रोमन अक्षरे, अंक, अधिक, उणे आणि टिंब चालते. ते वितरणाच्या पॅकेजशी जुळू नये म्हणून आम्ही सुरुवातीला विभागाचे संक्षिप्त नाव जोडतो. आवृत्तीची सुरुवात अंकाने करावी आणि शेवटी उणे चिन्हापुढे आपल्या बांधणीचा क्रमांक द्यावा. त्याच कोडची पुन्हा बांधणी केली, की तेवढाच क्रमांक वाढवायचा. वर्णनाच्या पहिल्या ओळीखालच्या प्रत्येक ओळीची सुरुवात एका रिकाम्या जागेने होते. त्या ओळींत मी बांधणीचे चारही पर्याय लिहून ठेवतो. दोन वर्षांनी कोणी विचारले, तर पॅकेजची माहिती मागवताच ते समोर येतात.

‘डिपेंड्स’ या ओळीत लायब्ररी कशावर अवलंबून आहे ते लिहावे लागते. ‘रीडएल्फ’ या आज्ञेने तयार फाइलचा ‘नीडेड’ भाग वाचला, की यादी मिळते. आमच्या बांधणीत लिबसी६ ची किमान आवृत्ती २.३१ आणि लिबजीफोरट्रान५ एवढेच लिहिले, तरी काम भागते. ओपनएमपीची बांधणी असेल, तर लिबगॉम्प१ वाढवावे. ही ओळ गाळली, तरी पॅकेज तयार होते आणि बसतेही. मग एखाद्या कोऱ्या संगणकावर जीफोरट्रानची लायब्ररी सापडत नाही, आणि दोष ओपनब्लासला दिला जातो.

परवान्याच्या फाइलची प्रत ‘युझर’, ‘शेअर’, ‘डॉक’ या मार्गावर पॅकेजच्या नावाच्या फोल्डरात ‘कॉपीराइट’ म्हणून ठेवावी. त्यानंतर ‘डीपीकेजी-डेब’ ही आज्ञा ‘बिल्ड’ आणि ‘रूट-ओनर-ग्रुप’ या पर्यायांसह द्यावी. दुसरा पर्याय दिला नाही, तर फाइल्सची मालकी तुमच्या स्वतःच्या खात्याच्या क्रमांकावर राहते आणि दुसऱ्या संगणकावर तो क्रमांक भलत्याच विद्यार्थ्याचा असू शकतो.

कार्यक्रमांना लायब्ररी सापडावी म्हणून तिचे फोल्डर ‘एलडीकॉन्फिग’ला कळवावे लागते. त्यासाठी पत्त्याची एक ओळ असलेली फाइल ‘एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी’ या फोल्डरात जाईल अशी पॅकेजमध्ये ठेवावी आणि डेबियन फोल्डरातील ‘ट्रिगर्स’ फाइलमधून एलडीकॉन्फिग चालवण्याची सूचना द्यावी. पण आपल्या लायब्ररीचे अंतर्गत नाव आणि वितरणाच्या ओपनब्लासचे अंतर्गत नाव एकच आहे. ते पॅकेज आधीपासून बसवलेले असेल, तर ही ओळ सगळ्याच कार्यक्रमांची लायब्ररी बदलू शकते. तिथे ही फाइल वगळावी आणि आपला कार्यक्रम जोडतानाच लिंकरला ‘आरपाथ’ देऊन पत्ता सांगावा. डेबियनच्या ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्हज’ यंत्रणेत शिरून सबंध संगणकाचे ब्लास बदलण्याच्या मी विरोधात आहे. एका संशोधकाच्या सोयीसाठी इतर सर्वांची उत्तरे शेवटच्या दशांशात का बदलावीत?

बसवणे आणि पडताळणी

‘एपीटी इन्स्टॉल’ला फाइलचे नाव देताना आधी टिंब आणि तिरकी रेघ लिहावी, नाहीतर ती आज्ञा त्या नावाचे पॅकेज इंटरनेटवरील भांडारात शोधते. बसल्यावर पहिली चाचणी वेगाची घ्यावी. ४,००० गुणिले ४,००० आकाराच्या दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात सुमारे १२,८०० कोटी क्रिया होतात. हॅसवेलचा एक गाभा दुहेरी अचूकतेत प्रत्येक ठोक्याला १६ क्रिया करू शकतो, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या चार गाभ्यांवर सिद्धान्ततः हा गुणाकार ०.६७ सेकंदात व्हायला हवा. प्रत्यक्षात एक सेकंदाच्या आत झाला, तर पॅकेज उत्तम आहे. अर्धे मिनिट लागले, तर कार्यक्रम संदर्भ ब्लासलाच जोडला गेला असण्याची दाट शक्यता आहे.

पायथन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पिपने बसवलेले नमपाय स्वतःचे ओपनब्लास सोबत घेऊन येते आणि तुमच्या पॅकेजकडे पाहतही नाही. आपलीच लायब्ररी वापरायची असेल, तर नमपाय सोर्सवरून बांधावे लागते. त्यासाठी पिपला ‘नो-बायनरी’ सांगावे, पीसी फाइलचे फोल्डर ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’मध्ये द्यावे आणि मेसन या बांधणीच्या साधनाच्या पर्यायांत ब्लास व लापॅक या दोन्हींपुढे ओपनब्लास लिहावे. नमपाय १.२६ पासून बांधणी मेसनवरच चालते, त्यामुळे त्याआधीच्या लेखांतील ‘साइट डॉट सीएफजी’ फाइलचा सल्ला आता लागू नाही. शेवटी ‘थ्रेडपूलसीटीएल’ हे छोटे पायथन पॅकेज बसवून त्याची माहिती छापावी. त्यात प्रत्यक्ष उघडलेल्या लायब्ररीचा पूर्ण मार्ग, निवडलेला गाभा आणि थ्रेडची संख्या दिसते. मार्ग ऑप्टमधला असेल आणि गाभा त्या संगणकाच्या प्रोसेसरशी जुळत असेल, तरच काम झाले असे मानावे.

आठ प्रक्रिया चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही ‘ओपनब्लास नम थ्रेड्स’ १ ठेवायला सांगतो. तसे केले नाही, तर आठ गाभ्यांच्या संगणकावर प्रत्येक प्रक्रिया आठ थ्रेड उघडते आणि चौसष्ट थ्रेड एकमेकांची वाट अडवतात.

नवी आवृत्ती बसवताना जुनी डेब फाइल, तिचा शा२५६ अंक आणि बांधणीची शेल फाइल एकाच फोल्डरात जपून ठेवावी. आमच्याकडे एकदा नव्या आवृत्तीनंतर एका शोधनिबंधातील आकडे सातव्या दशांशात बदलले. जुने पॅकेज ‘अलाउ-डाउनग्रेड्स’ या पर्यायाने पुन्हा बसवून दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी तपासायला आम्हाला जेमतेम दहा मिनिटे लागली.